पाच टक्के फिनाइल, पण कुठे?

बेंझो(बी)फ्लुओरँथीन आणि बेंझो(के)फ्लुओरँथीन, जोडलेल्या कड्यांची दोन प्रदूषकं, दोघांचं वस्तुमान २५२. मास स्पेक्ट्रोमीटरला ते जुळे वेगळे ओळखता येत नाहीत, गॅस क्रोमॅटोग्राफच्या कॉलमनेच, म्हणजे आतून पॉलिमरचा थर दिलेल्या लांब बारीक नळीनेच, फोडावे लागतात. त्या सकाळी गाळाच्या नमुन्यांआधी स्टँडर्ड (माहीत असलेल्या संयुगांचं मिश्रण) सोडलं, तर रोजच्या दोन पीकांच्या (आलेखावरच्या शिखरांच्या) जागी एकच जाड पीक, डोक्यावर जेमतेम खाच.

कॉलम आदल्याच संध्याकाळी बदललेला, म्हणून पहिला संशय जोडणीवर. नमुना शिरतो तिथली काचेची नळी (लायनर) आणि रबरी बूच (सेप्टम) नवे घातले, पुढचे २० सेंटिमीटर सिरॅमिक वेफरने सरळ कापून कॉलम पुन्हा बसवला. नायट्रोजनचं २८ आणि ऑक्सिजनचं ३२ वस्तुमान पाहिलं. हवा शिरत नव्हती. खरं तर इतकं करायची गरज नव्हती. नॅप्थलीनचं पीक सुईसारखं टोकदार होतं, आणि जोडणी चुकली की आधी बिघडतात ती नॅप्थलीनसारखी लवकर येणारी पीकं.

मग जुन्या आणि नव्या कॉलमचे खोके शेजारी ठेवले. दोन्ही ३० मीटर लांब, ०.२५ मिलिमीटर व्यासाचे, ०.२५ मायक्रॉन थराचे, ‘५ टक्के फिनाइल’. जुन्याच्या नावात फक्त ‘एमएस’ (मास स्पेक्ट्रोमीटरसाठीचा) जास्त.

नव्याच्या थरात फिनाइल गट, म्हणजे बेंझीनची कडी, पॉलिमर साखळीतल्या सिलिकॉनला बाजूने लटकलेले होते. जुना सिलारिलीन जातीचा, म्हणजे बेंझीनचं कडं साखळीच्या कण्यातच ओवलेलं. ध्रुवीयता जवळपास तीच, पण अॅरोमॅटिक आयसोमरांवरची (तेच अणू, वेगळी मांडणी अशा कडीवाल्या संयुगांवरची) पकड वेगळी, आणि बी-के जोडी नेमकी तिथेच सुटते.

३२० अंशांवर बेसलाइन (आलेखाची तळरेषा) हीही चढली होती. त्यात २०७ आणि २८१ वस्तुमानाचे आयन. थरातली सिलोक्सेन (सिलिकॉन-ऑक्सिजन) साखळी लवचीक असते. तिच्या टोकाचा हायड्रॉक्सिल मागे वळून स्वतःच्याच सिलिकॉनला चावतो आणि तीन-चार घटकांची वलयं तुटून बाहेर पडतात. कण्यात कडं असलं की साखळी ताठ राहते, हे वळणं अवघड होतं. (सेप्टमही हेच आयन देतो, पण सुटी पीकं म्हणून, कॉलमचा ब्लीड, म्हणजे थर असा तुटून बाहेर पडणं, तापमानाबरोबर सलग चढतो.)

सिलारिलीन कॉलम आणून लावला. डिटेक्टरकडचं टोक मोकळं ठेवून थंड ओव्हनमध्ये अर्धा तास हेलियम, मगच तापवणं. घाईत हे टाळलं की आतल्या ऑक्सिजनने फेज, म्हणजे पॉलिमरचा थर, जळते. दुपारी जोडी फुटली. रिटेन्शन टाइम (प्रत्येक पीक यायची वेळ) आणि कॅलिब्रेशन मात्र सगळं नव्याने.

मागणीपत्रावर आता ‘सिलारिलीन’ असं स्पष्ट लिहितो. नुसतं ‘एमएस’ पुरत नाही. काही ‘एमएस’ कॉलमांत तोच लटकत्या फिनाइलचा पॉलिमर असतो, फक्त कमी ब्लीडचा.