बादलीतला पुदिना आणि बोअरचं पाणी

मातीविना, बादलीतल्या नुसत्या खतपाण्यात पुदिना लावायचा असेल, तर बादली, खत, बी यातलं काही आणायच्या आधी घरातल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, मोजा. पेनसारखा मीटर पुरतो. मराठवाड्यातलं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं आणि बहुतेक ठिकाणी जड असतं. भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरत असेल, तर तेच पाणी मुळांपाशीही तसंच वागणार. मातीविना लागवड फसली की लोक खताला दोष देतात. आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा ती पाण्याने नाहीतर उन्हाळ्याने फसते.

मीटरवर 300 च्या आत आकडा आला तर पाणी थेट वापरा. 600 च्या आसपास असेल तर निम्मं आरओचं, निम्मं बोअरचं. हजारच्या वर असेल तर बोअरचं पाव हिस्सा पुरे. पावसाळ्यात पहिले दोन-तीन पाऊस सोडून गच्चीवरचं पाणी धरून ठेवलं, तर त्याच्याइतकं चांगलं काहीच नाही. आरओच्या नळीतून बाहेर पडणारं वाया पाणी आणि कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र अजिबात घेऊ नका. त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात.

पद्धत सगळ्यात साधी घ्या: पंप नाही, पाणी फिरवणं नाही. अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठातले बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ती ओळखली जाते. जिथे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, तिथे पंपावर जगणारं झाड ठेवण्यात अर्थ नाही.

मिठाईवाल्याकडे किंवा खानावळीत दह्याच्या, लोणच्याच्या झाकणवाल्या 10 लिटरच्या बादल्या रिकाम्या पडलेल्या असतात. एक आणा, गरम पाण्याने आणि सोड्याने धुवा, लोणच्याचा वास जाईपर्यंत उन्हात ठेवा. पांढऱ्या प्लास्टिकमधून उजेड आत जातो आणि पाणी शेवाळतं. म्हणून बाहेरून आधी काळा रंग, तो वाळला की वर पांढरा. काळ्याने उजेड अडतो, पांढऱ्याने बादली तापत नाही. झाकणाला पाच सेंटिमीटर व्यासाची चार भोकं पाडा. त्यात बसतील अशा जाळीच्या कुंड्या घ्या, नाहीतर प्लास्टिकच्या ग्लासांना तापल्या दाभणाने खाली आणि बाजूने पंधरा-वीस भोकं पाडा. आत स्पंजचा तुकडा आणि त्याच्या कडेने धुतलेले विटेचे बारीक खडे. खड्यांत चुनखडी नको, ती पाण्याचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा कमी तितकं पाणी आंबट) चढवते. शंका असेल तर खड्यावर लिंबाचा रस पिळा, बुडबुडे आले तर टाकून द्या.

खत ऑनलाइन महागड्या बाटल्यांत घ्यायची गरज नाही. ठिबकवाल्यांची विद्राव्य खतं कृषी सेवा केंद्रात किलोच्या पुड्यात मिळतात. पुड्यावरचे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के. 19:19:19 टाळा, त्यातला बराच नत्र युरियाच्या रूपात असतो आणि नुसत्या पाण्यात तो झाडाला नीट लागत नाही. दोन बाटल्या करा, प्रत्येकी एक लिटरची, साध्या नव्हे, आरओच्या पाण्यात. पहिलीत कॅल्शियम नायट्रेट 60 ग्रॅम आणि 12 टक्क्यांचं ईडीटीए लोह (चिलेटेड, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहील असं बांधलेलं लोह) 2 ग्रॅम. दुसरीत 13:00:45 हे 30 ग्रॅम, 00:52:34 हे 15 ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 40 ग्रॅम आणि चिलेटेड मायक्रोन्यूट्रियंट 2 ग्रॅम. दोन ग्रॅम स्वयंपाकघरातल्या काट्यावर नेमके येत नाहीत, सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा लागतो. दोन्ही बाटल्या अंधारात ठेवा. उजेडाने लोहाचं चिलेट मोडतं.

बादलीत दहा लिटर पाणी घ्या, पहिलीतलं 100 मिली ओता, ढवळा, मग दुसरीतलं 100 मिली. दोन्ही आधीच एकत्र केलं की ताकासारखं पांढरं होतं. कॅल्शियम हा फॉस्फेट-सल्फेटशी मिळून तळाला बसतो आणि झाडाच्या हाती काही लागत नाही. आरओच्या पाण्यात हा हिशोब मीटरवर 700 च्या जवळपास येतो. पाण्यातच आधी 300 असेल तर दोन्हींचं 70 मिलीच घाला, एकूण आकडा 800 च्या पुढे नको. कॅल्शियम नायट्रेट पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून पाक होतं, त्यामुळे उरलेलं घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. नायट्रेटची पुडी शेगडीपासून आणि पोरांपासून लांब.

पीएच 5.5 ते 6.5 हवा. बोअरच्या पाण्यात तो दोन दिवसांत पुन्हा वर सरकतो, कारण त्यातले बायकार्बोनेट क्षार आम्ल खाऊन टाकतात. लिंबूसत्त्वाने तात्पुरतं काम होतं, पण सूक्ष्मजीव ते संपवतात आणि पीएच परत चढतो. ठिबकची नळी साफ करायला वापरतात ते फॉस्फोरिक आम्ल टिकतं. हातमोजे घालून, आम्ल पाण्यात ओतायचं (पाणी आम्लात नाही), खूप पातळ करून थेंबाथेंबाने. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसलं की लोह कमी पडलं असं समजून आणखी लोह घालू नका. आधी पीएच बघा.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. सुरुवातीला कुंडीचा तळ पाण्यात एक सेंटिमीटर बुडेल इतकंच पाणी भरायचं. झाड पाणी पितं, पातळी उतरते, आणि मधल्या मोकळ्या जागेतली मुळं पांढरी, बारीक केसाळ होतात. ती हवा घेणारी मुळं. आपल्याकडे आठ-आठ दिवसांनी नळ येतो, त्यामुळे रिकामं भांडं दिसलं की काठोकाठ भरायची सवय हाडात मुरलेली. इथे ती आवरा. पुन्हा वरपर्यंत भरलं की हीच मुळं बुडून गुदमरतात आणि चार दिवसांत झाड मान टाकतं. निम्म्याच्या खाली गेलं तर निम्म्यापर्यंतच भरा, तेही निम्म्या ताकदीच्या खताने.

एप्रिल-मेमध्ये दुसरं दुखणं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 अंशांना 7. त्यात मुळांना ऊन पाण्यात श्वासही जास्त लागतो. मुळं तपकिरी, बुळबुळीत, सडका वास: झाड गेलं. उपाय माठाचाच, फक्त माठ वापरायचा नाही. माठाच्या भिंतीतून पाणी झिरपून उडतं आणि आत खत घट्ट होत जातं. बादली उथळ घमेल्यात ठेवा, भोवती गोणपाट गुंडाळा आणि घमेल्यात दोन बोटं पाणी ठेवा. गोणपाट खालून ओलं राहतं. आपली उन्हाळी हवा कोरडी, म्हणून खोलीपेक्षा पाणी चांगलं थंड राहतं. पावसाळ्यात हा उपाय लुळा पडतो, पण तेव्हा गरजही नसते.

काय लावायचं? उन्हाळ्यात पुदिना आणि सब्जा. पुदिन्याची बाजारातली जुडीच आणा, दहा सेंटिमीटरच्या काड्या पेराच्या जरा खाली कापा, खालची पानं काढून साध्या पाण्यात ठेवा. आठवड्या-दीड आठवड्यात मुळं येतात. सब्ज्याचं बी ओलं झालं की फुगतं, ते स्पंजच्या वरच ठेवा, आत दाबलं तर कुजतं. कोथिंबीर ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच, उन्हाळ्यात ती नीट उगवत नाही आणि उगवली तरी लगेच फुलावर येते. धणे लाटण्याने हलके दोन फाकांत मोडा, बारा तास भिजवा. एका कुंडीत सहा-सात पुरे.

खिडकीचा उजेड कमी पडत असेल तर चार फुटी 20 वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी पट्ट्या, शेंड्यापासून वीतभर वर, रोज 14 तास. महिन्याला साधारण 17 युनिट. एकाच पट्टीत काड्या लांबट, पिचक्या होतात. दोन तास लाइट गेली तर काही बिघडत नाही.

कुंडी आणि झाकणाच्या मधली फट कापसाने बुजवा, नाहीतर डास आत अंडी घालतात आणि घरात डेंग्यूचं बोलावणं जातं. काढणी एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. पुदिना पेराच्या वर खुडला की तिथून दोन फुटवे येतात. बादलीतलं पाणी हिवाळ्यात पाच-सहा आठवडे, उन्हाळ्यात तीन आठवडे पुरतं. तळाला उरलेलं मोरीत न ओतता अंगणातल्या कढीपत्त्याला द्या.