आमची वाटचाल: एका पुडीपासून चार पुड्यांपर्यंत

स्पिरुलिना म्हणजे घरी टबात वाढवून खायचं नीलहरित शेवाळ; त्यासाठी बीज कल्चर (वाढीला लावायचं जिवंत शेवाळ) आणि खताची पुडी पुरवणं हा आमचा धंदा. सुरुवातीला या धंद्यात सगळेच एकच पुडी विकत. लिटरला खायचा सोडा ८ ग्रॅम, मीठ ५, पोटॅशियम नायट्रेट २, वर थोडं फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि लोह. झारुकने ठरवलेल्या मूळ माध्यमात (खतपाण्यात) सोडा १६.८ ग्रॅम आहे, पण घरच्या टबाला त्याच्या निम्मा पुरतो. पाणी कुठलं, हे कोणी विचारत नसे.

त्यापायीच आम्ही बुडता बुडता वाचलो. एका उन्हाळ्यात बऱ्याच गिऱ्हाइकांनी नळाचं पाणी सोडून बोअरचं वापरलं आणि तक्रारींचा पाऊस पडला: तळाला पांढरा गाळ, कल्चर पिवळट, मग गुठळ्या. दुसऱ्या एका विक्रेत्याने लगेच पसरवलं की आमचं बीज मेलेलं असतं, त्याचं मात्र "कुठल्याही पाण्यात" वाढतं. पुड्या परत आल्या, उधारी थकली. आमचा त्यावरचा राग अजून गेलेला नाही, कारण तेच बीज पावसाच्या पाण्यात उत्तम वाढत होतं आणि ते कुणी ऐकून घेत नव्हतं.

ऐकलं एका बाईंनी. प्रयोगशाळेत नोकरी केलेल्या, आमच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाईक. शेजारणीच्या टबातला गाळ त्यांनी बाटलीत भरून आणला आणि त्यावर व्हिनेगर ओतलं. गाळ फसफसला. म्हणजे बराचसा कॅल्शियम कार्बोनेट. पीएच ९ च्या वर गेला की जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेल्या पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाला बसतं, शिवाय फॉस्फेटलाही सोबत घेऊन बसतं. साधं लोह तर त्या पीएचला विरघळलेलं राहतच नाही. मग पुडीत सगळं असून जिवाला काही मिळत नाही. बीज मेलेलं नव्हतं, उपाशी होतं.

तेव्हापासून पाण्यानुसार चार पुड्या निघाल्या. बोअरच्या पुडीत क्रम महत्त्वाचा. पाण्याचा कडकपणा (जडपणा) ४०० पीपीएम, म्हणजे लिटरला ४०० मिलिग्रॅम, असेल तर १० लिटरला निर्जल, सुवासाविना धुण्याचा सोडा ५ ग्रॅम आधी टाका, ढवळा, रात्रभर बसू द्या. वरचं नितळ पाणी काढून घ्या. मग खायचा सोडा, मीठ, नायट्रेट. फॉस्फेट त्यानंतर, आणि ईडीटीएने (लोह विरघळलेलं ठेवणाऱ्या रसायनाने) बांधलेलं लोह सगळ्यांत शेवटी. फॉस्फेट आधी टाकलंत तर ते गाळाला जाणार.

आरओच्या पाण्याचं दुखणं उलटं. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ नाहीच, आणि मॅग्नेशियमवाचून हरितद्रव्य बनत नाही. म्हणून लिटरला मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ०.०४ ग्रॅम. पावसाच्या पाण्यालाही हीच पुडी; छतावरून आलेली पहिली धार तेवढी सोडून द्या.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उघड्या टबात दिवसभर हवा दिली की उडतं. क्लोरामीन, म्हणजे क्लोरीन-अमोनियाचं संयुग, उडत नाही, त्याला १० लिटरला १०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व घाला. मृदुकारक यंत्राच्या (सॉफ्टनरच्या) पाण्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं, ते स्पिरुलिनाला खुशाल चालतं. त्याची चौथी पुडी आहे, मीठ कमी केलेली.

तो विक्रेता अजूनही बीजासोबत टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा) देतो. कशासाठी? सोडा-मीठ पडल्यावर टबातलं टीडीएस दहा हजारांच्या वर जातंच, तिथे पाण्यातले आधीचे ६०० कोण मोजणार? मीटरला मीठ आणि कॅल्शियम यांतला फरक कळत नाही. कडकपणा मोजायचा थेंबांचा संच घ्या, पीएच मीटर घ्या आणि पांढरी सेकी चकती (कल्चर किती दाट झालं ते बघायला पाण्यात सोडायची) घ्या. चकती २-३ सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली की ५० मायक्रॉनच्या कापडातून गाळायला घ्या.

तळ्याचं पाणी आम्ही कुणालाही सुचवत नाही. त्यातून विषारी नीलहरित शेवाळ येऊ शकतं आणि स्पिरुलिना जड धातू शोषून घेतं. हे शेवटी पोटात जायचं आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरला कॅल्शियम साधारण ४०० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम १३००, ते गाळ करून तळाला बसवणं हे घरचं काम नव्हे. बोअर नवी असेल तर शिसं आणि आर्सेनिक तपासून मगच बीज मागवा. आम्ही अहवाल पाहिल्याशिवाय पाठवत नाही, त्यात काही गिऱ्हाइकं दुरावली तरी.

आणि बाष्पीभवनाने उतरलेली पातळी बोअरच्या पाण्याने भरू नका. पाणी उडतं, कॅल्शियम टबातच राहतं, आणि प्रत्येक भरणीत नवं येऊन फॉस्फेट खाली ओढतं. माध्यम कुठल्याही पाण्याचं असो, भरणीला पावसाचं किंवा आरओचंच घ्या.