माजलगावच्या धरणात तिसरं शीड

आमचं दुकान मोटार रिवाइंडिंगचं. बोअरमधून मोटार काढायची, जळलेली तार उकलायची, नवी भरायची, परत सोडायची. असल्या माणसाकडं शिडाची होडी कुठून आली, हे माजलगावात इतक्यांनी विचारलंय की आता मी नुसता हसतो. मुंबईकडं एका आवारात जुनी हॉबी 16 धूळ खात पडली होती. भंगाराच्या भावापेक्षा थोडं जास्त देऊन घेतली आणि टेंपोवर बांधून आणली.

ही कॅटामरान. पाच मीटर लांबीची दोन अरुंद होडकी, मध्ये अॅल्युमिनियमचे दांडे, त्यांच्यावर बाजेसारखी ताणलेली जाळी. आपण जाळीवर बसायचं. सगळं मिळून वजन 145 किलो, म्हणजे चार माणसं लावली की काठावर ओढता येते. डोलकाठी मात्र आठ मीटरची. तिच्यावर एक मोठं शीड आणि पुढं एक छोटं.

आमच्या धरणाचं गणित उलटं आहे. सिंदफणेचं पाणी आणि पैठणच्या उजव्या कालव्याचं पाणी मिळून ते भरतं, आणि भरलेलं असतं ते दिवाळीनंतर. तेव्हा सकाळचा वारा इतका कमी की उदबत्तीचा धूर सरळ वर जावा. खरा वारा सुटतो उन्हाळ्यात दुपारी, तोपर्यंत पाणी मागं सरकून काठाला चिखल झालेला. पाणी आहे तेव्हा वारा नाही, वारा आहे तेव्हा पाणी नाही. म्हणून हिवाळ्यासाठी एक मोठं, हलकं, पुढं काढलेलं शीड हवं होतं. (नाथसागर मोठा आहे, वाराही बरा, पण ते 1986 पासून पक्षी अभयारण्य. तिकडं जायचा विचारच केला नाही.)

तिसरं शीड आधीच्या दोघांच्या पुढं उभं करायचं, म्हणजे होडीच्याही पुढं बांधायला जागा पाहिजे. त्यासाठी बोस्प्रिट, म्हणजे पुढं काढलेली काठी. ती पुढच्या दांड्याच्या मध्यापासून निघते, दोन होडक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेवरून जाते आणि नाळेच्या, म्हणजे होडक्याच्या पुढच्या टोकाच्या, पुढं चार फूट बाहेर येते.

पहिली काठी वेळूची केली आणि शीड निळ्या ताडपत्रीचं. ताडपत्री तिकोनी कापली, कडा दुमडून शिवल्या, कोपऱ्यांना पितळी कड्या ठोकल्या. पाण्यावर चढवली तर खळ्यावर पत्रा हापटावा तसा आवाज. होडी जागची हलेना. जाळी टाकून बसलेले भोई मामा चप्पूवरून बघत होते. थर्माकोलच्या त्या चप्पूवर बसूनच त्यांनी विचारलं, "काय करायलाव? पाखरं हाकलायलाव का?"

नंतर कळलं की सरळ रेषेत कापलेलं कापड सपाटच राहतं आणि सपाट कापड वारा धरत नाही. शिडाला पोट लागतं, आणि ते शिवणीतून येतं. दोन पट्टे जोडताना मध्यावर जोड अरुंद ठेवायचा आणि कडेकडं जाताना पाचरीसारखा रुंद करत न्यायचा. हे मी आमच्या लेडीज टेलर मास्तरांना कागद कापून, हातवारे करून अर्धा तास सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "ब्लाउजला टक्स घालतो तसंच की."

तसंच. पुढचं सगळं त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. संभाजीनगरला गुलमंडीतून बॅगांचं पॅराशूट कापड आणलं, दहा मीटर. ताडपत्रीच्या मानानं काहीच वजन नाही. शाळेच्या वऱ्हांड्यात फरशीवर खडूनं तिकोन आखला, उभी बाजू 19 फूट, खालची साडेदहा, मागची 17. साधारण सव्वाआठ चौरस मीटर. पट्टे घसरू नयेत म्हणून आधी दोन बाजूंची चिकटपट्टी, मग नागमोडी टाका. सरळ टाका कापड ताणलं की उसवतो, नागमोडीला थोडी लवचीकता असते. कोपऱ्यांना पाच पदर. पाचव्या पदराला मशीनची सुई मोडली, मग ते कोपरे मास्तरांनी चपलाच्या सुईनं हातानं घातले.

वेळू पहिल्याच दिवशी चिरला होता. भंगारातून 50 मिलीचा अॅल्युमिनियमचा पाइप मिळाला, भिंत दोन मिली. अकरा फूट कापला, तीन किलोच्या आत बसला. आर्गनवाला म्हणाला, डायरेक्ट दांड्याला वेल्डिंग मारून देतो. मी नको म्हटलं. वेल्डिंगनं आजूबाजूचं अॅल्युमिनियम मऊ पडतं, आणि तो दांडा होडीचा कणा आहे, त्यावरच डोलकाठी उभी असते. त्याऐवजी पाइपाच्या मागच्या टोकात सागाचा गुटका ठोकला आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी तो दांड्याला आवळून बांधला. होडीला एकही भोक पाडलं नाही.

आता माझी खरी चूक. माझं सगळं लक्ष पाइपावर होतं. तो वाकेल का, मोडेल का, आत लाकूड भरू का. पाइपाच्या टोकापासून दोन्ही नाळांना दोन दोऱ्या बांधल्या होत्या, मंडपाच्या खांबाला तणावे बांधतात तशा, पण त्या कडेला डोलू नये एवढ्यासाठी, असं माझ्या डोक्यात. दुकानात पडलेली बोअरची दोरी वापरली, मोटार सोडायची असते ती.

डिसेंबरात एका सकाळी शीड चढवलं. भरलं. भाचा ओरडला, "मामा, पळतीय!" पाण्याला आवाज आला. आणि माझ्या डोळ्यादेखत पाइपाचं टोक हळूहळू वर उठायला लागलं. तणावे तुटले नाहीत, सुटले नाहीत, नुसते ताणत गेले. पुढची कड सैल पडून शिडाचं पोट बाजूला गेलं, होडी आडवी सरकायला लागली. ट्यूबच्या पट्ट्या दांड्यावर पिळवटून कुरकुरत होत्या.

घरी येऊन वहीत मांडलं. शिडाची पुढची कड आडवीपेक्षा उभी जास्त असते, म्हणून ती काठीला मागं कमी आणि वर जास्त ओढते. हे वर ओढणं थांबवायचं काम तणाव्यांचं, पाइपाचं नाही. माझं टोक नाळेपेक्षा जेमतेम चार बोटं वर होतं, म्हणजे तणावे जवळपास आडवे. आडव्या दोरीनं खाली काय ओढणार? हिशेब केला तर खाली एक किलो ओढ मिळायला दोन्ही तणाव्यांवर मिळून वीस किलोच्या आसपास ताण लागत होता. वर ती नायलॉनची दोरी. बोअरला ती चांगली, कारण तिथं थोडी ताणली तरी मोटारीला फरक पडत नाही.

मग टोक उचललं. गुटक्याला तिरपी पाचर दिली, टोक दीड वीत वर आलं. तेवढ्यानं वीसचे पाच झाले. तणावे आणि शिडाच्या पुढच्या कडेतली दोरी, दोन्हीकडं विणलेली स्टीलची तीन मिलीची तार टाकली. पाइप तोच.

जोर किती येतो हेही तेव्हाच काढलं. ताशी 18 किलोमीटर वाऱ्यात या शिडावर साधारण 15 किलो. वारा दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे 36 ला 60 किलो, आणि पुढची कड ताठ ठेवायची तर तारेत त्याच्या कितीतरी पट. म्हणून पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागले की हे शीड खाली, असा नियम केला.

नियम मोडला तो मीच, फेब्रुवारीत. दुसरी गोष्ट अशी की या होडीच्या डोलकाठीला मागून तारच नाही, एक पुढं आणि दोन बाजूंना, त्याही शेंड्याच्या बऱ्याच खाली. तिसरं शीड शेंड्यावरून टांगलं तर वरचा मोकळा भाग पुढं वाकणार, म्हणून मी कप्पी तारांच्या जोडाजवळच बांधली होती. तेवढं बरोबर केलं. पण मागून डोलकाठीला धरून ठेवतं ते मोठ्या शिडाचं ओढदोर, म्हणजे ते शीड ताणून धरणारी दोरी, हे विसरलो. झुळूक वाढली, घाबरून मोठं शीड सैल सोडलं. डोलकाठी धनुष्यासारखी पुढं गेली, आडोशाच्या बाजूची नाळ पाण्यात घुसली, माझा तोल जाऊन मी जाळीवरून पुढं. भाच्यानं अक्कल लढवली आणि तिसऱ्या शिडाची दोरी दावणीतून जनावर सोडावं तशी सोडून दिली. होडी परत वर आली. आम्ही दोघं भिजलो, पाइपाच्या टोकाला पोचा आला, तारा जागच्या जागी.

उतरवताना आधी हे तिसरं शीड नेहमी पाण्यात पडायचं आणि मग ओलं कापड ओढता ओढता दम निघायचा. भोई मामा परत विचारायचे, मासे धरायला शिवलंय का. आता वारा पाठीवर घेतो, मोठं शीड बाहेर काढून त्याच्या आडोशात तिसरं आणतो. तिथं ते मेल्यासारखं लोंबतं, भाचा जाळीवर ओढून घेतो, मग मी दोरी सोडतो. हा क्रम उलटा केला की पाणीच.

पूर्वी ज्या सकाळी मोबाइल ताशी तीन-चार किलोमीटर दाखवायचा, त्या वाऱ्यात आता सहा-सात दाखवतो. वाऱ्याच्या तोंडावर जायला ते शीड बिनकामाचं, तेव्हा खालीच ठेवतो. पाइपाच्या पोचा आलेल्या टोकावर जुना टेनिस बॉल चिरून बसवलाय, काठावर ओढताना कुणाच्या बरगडीत जाऊ नये म्हणून.

मागची कड अजून फडफडते. मास्तरांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला, बोटानं पडद्यावर रेघ ओढली आणि म्हणाले, इथं एक टक कमी पडलाय, लगनसराई उरकली की घेऊन या.