गोठ्याचं दार

आमच्या निफाड तालुक्यात गोठ्याला दार असणं ही तशी अलीकडची फॅशन. पूर्वी दोन खांबांमध्ये एक आडवा बांबू सारला, फार तर बाभळीच्या काट्यांचं झाप ओढून घेतलं, की झालं. काळजी एवढीच की जनावर बाहेर जाऊन कुणाच्या गव्हात शिरू नये. बाहेरून आत कोणी यायचं कारणच नव्हतं. मग कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहायला आला. त्याला तिथे आडोसा आहे, पाणी आहे, वस्तीवरची कुत्री आहेत. मादी पिल्लंही उसातच घालते. तोडणी सुरू झाली की सरीत बछडे सापडल्याची बातमी येतेच. आता तर नाशिक शहरात गंगापूर रोडलाही तो दिसतो, तिथे निफाडकरांनी तक्रार कुणाकडे करायची? एवढं मात्र खरं, की आमच्याकडच्या सुतारांना आणि वेल्डरांना त्याच्याइतकं काम दुसऱ्या कुणी दिलं नसेल.

घराचं दार आम्ही दुकानात जाऊन अर्ध्या तासात पसंत केलं होतं. फ्लश डोअर, वर सनमायका, विषय संपला. गोठ्याच्या दाराला मात्र अख्खी वस्ती सल्ला द्यायला जमली. सगळ्यांचा सूर एकच: जाड पाहिजे. दोन इंची फळी घ्या, आतून पत्रा मारा, बाहेरून अँगल मारा. आप्पा मान डोलवत होते. सुतार मात्र कानावरची पेन्सिल काढून जमिनीवर रेघा ओढत बसला होता. शेवटी म्हणाला, "आप्पा, बिबट्या पाडंल तवा पाडंल, हे दार आधी सोताच्याच वजनानं पडंल."

मला हे फार पटलं. दार म्हणजे एका बाजूला टांगलेलं ओझं. झडप ६० किलोची, रुंदी ४ फूट आणि दोन बिजागऱ्यांमधलं अंतर ५ फूट धरलं, तर वरच्या बिजागरीला आडवा ओढा बसतो साधारण २४ किलोचा. तोही रात्रंदिवस, सणवार न पाळता. त्याच बिजागऱ्या ३ फुटांवर आणल्या की ओढा ४० किलोवर जातो. म्हणून त्या शक्य तितक्या लांब लावायच्या, आणि वरचीला स्क्रू न मारता आरपार नटबोल्ट टाकायचे. वरची बिजागरी भिंतीपासून सुटू पाहते, खालची भिंतीत घुसू पाहते. खालचीची तक्रार सहसा नसते.

पण खरी गंमत तिरप्या पट्टीची. उभ्या फळ्या, त्यांना वर-खाली दोन आडव्या पट्ट्या, आणि त्या दोन्हींच्या मध्ये एक तिरपी. ही तिरपी लाकडाची असेल तर ती खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून निघून मोकळ्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याला गेली पाहिजे. मग मोकळी बाजू खाली झुकायला लागली की पट्टी दाबली जाते आणि सगळा भार खालच्या बिजागरीकडे उतरवते. उलटी मारली तर तीच पट्टी ताणली जाते, टोकाचे खिळे सैल होतात आणि दार जमिनीला घासायला लागतं. लोखंडी सळई किंवा तार लावायची असेल तर मात्र बरोबर उलट, वरच्या बिजागरीकडून खालच्या मोकळ्या कोपऱ्याकडे; कारण सळईचं काम ओढण्याचं, दाबलं की ती वाकते. हे कळल्यापासून मला वाईट सवय लागली आहे. दिंडोरी रोडने जाताना मी बागा बघायच्या सोडून फाटकं बघतो. मालक बिचारा वर्षानुवर्षं फाटक उचलून लावत असतो, आणि दोष पावसाला देतो.

पावसाचा दोष अगदीच नाही असं नाही. लाकूड पाणी पितं आणि फुगतं, पण रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून सुताराने फळ्या एकमेकींना चिकटवल्या नाहीत. खिशातून रुपया काढला, दोन फळ्यांमध्ये उभा धरला, फळी ठोकली, रुपया काढून घेतला, पुढच्या फळीला तोच रुपया. फळ्या सागाच्या आणि जुन्या. नाशकात वाडे पाडले की त्यांच्या तुळया विकायला येतात, त्यातल्या चिरून घेतलेल्या. आमच्या बांधावर साग आहे, पण स्वतःचा साग तोडायलाही परवानगी काढावी लागते. आप्पा म्हणाले, तोवर गाई म्हाताऱ्या होतील. जुन्या लाकडाला जागोजाग खिळ्यांची भोकं होती. सुताराने त्यांत लाकडाच्या पाचरी ठोकून वरून रंधा मारला.

दार बाहेर उघडणारं केलं. आतून गाय दाराला टेकून बसली तर आत ढकलायचं कसं? आणि बाहेरून कुणी धडक दिलीच, तर झडप चौकटीवर दाबली जाते, कडीला धक्का लागत नाही. वरती चौकटीपर्यंत दार नेलं, कारण अर्ध्या दारावरून उडी मारणं बिबट्याला मुळीच अवघड नाही. पण वरच्या भागात फळ्यांऐवजी जाड जाळी बसवली. गोमूत्राचा वास कोंडला की जनावरं खोकतात. निफाडच्या थंडीत जाळीवर पोतं टाकायचं, बस्स. खालच्या कडेला पत्र्याची पट्टी, कारण दार कुजतं ते तिथूनच.

इथपर्यंत पुरुषांनी ठरवलं. मग आई बाहेर आली, हातात धारेची बादली. तिने दार बघितलं, सुताराने बसवलेली भक्कम कडी बघितली आणि विचारलं, "ही उघडायला दोन हात लागतात. बादली कुठं ठेवू, डोक्यावर?" कडी निघाली. तिच्याजागी कोपराने वर ढकलता येईल अशी, वरून पडणारी लोखंडी खिट्टी आली. आप्पांना खरं तर वाड्यासारखा भिंतीतून सरकणारा अडसर हवा होता. पण अडसर आतून लावायचा असतो, आणि गोठ्यात रोज रात्री झोपणार कोण?

यावर आई म्हणाली, "गाय व्यायला झाली की मी झोपते. मला आतून उघडता यायला नको?" सुताराने काही न बोलता गिरमिट घेतलं, खिट्टीच्या वरच्या अंगाला भोक पाडलं आणि दोरी आत सोडली. आतून ओढली की खिट्टी उचलली जाते. सगळ्या दारात कमी खर्चाचा भाग हाच, आणि सारखा बदलावा लागणाराही हाच. वासरं ती दोरी चघळून टाकतात.