आमची वाटचाल : पेटीतला चौथा कप्पा

शाळेच्या प्रयोगशाळांसाठी मूलद्रव्यांच्या आणि खनिजांच्या नमुना-पेट्या बनवायच्या, या एकाच कामावर आमचा छोटा व्यवसाय उभा आहे. सुरुवातीच्या पेटीत तीनच कप्पे होते. धातूंत तांबं, जस्त, ॲल्युमिनियम. अधातूंत गंधक, ग्रॅफाइट आणि बंद कुपीत आयोडीन. धातुसदृशांत, म्हणजे गुणांनी धातू आणि अधातू यांच्या मधल्या मूलद्रव्यांत, सिलिकॉन आणि अँटिमनी. पेटी भरलेली दिसावी म्हणून पायराइट आणि गॅलेना या खनिजांचे खडेही धातूंच्या कप्प्यात ठेवले. चमकतात, हाताला जड लागतात, म्हणजे धातूच, असं आम्ही धरून चाललो होतो.

विज्ञानाच्या एका बाईंनी ती पेटी परत पाठवली. सोबत एकच ओळ होती : "पायराइटवर हातोडी मारून बघा." मारली. खडा चेपला नाही, त्याचा चुरा झाला, आणि तो सोनेरी नव्हे तर हिरवट काळा. त्या रात्री झोप लागली नाही, कारण तशाच पेट्या इतर शाळांतही गेल्या होत्या. सगळ्या परत मागवल्या.

धातू-अधातू ही विभागणी मूलद्रव्यांची. बहुतेक खनिजं मात्र संयुगं असतात. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक, एक धातू आणि एक अधातू. गॅलेनात वजनाने 86.6 टक्के शिसं असतं, तरी तो खडा शिसं नव्हे. खनिजाची चकाकी धातूसारखी असू शकते, एवढंच. म्हणून खनिजांसाठी चौथा कप्पा केला आणि त्यात कस, म्हणजे खनिज घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग, पाहायला चकाकी नसलेली पांढरी फरशी ठेवली. चंदेरी हेमॅटाइट तिच्यावर घासलं की लाल रेघ उमटते. मुलं तिथे थांबतातच. निसर्गात मोकळं सापडणारं गंधक मात्र खनिजही आहे आणि मूलद्रव्यही, म्हणून ते दोन्ही कप्प्यांत ठेवतो.

अर्थात नुसत्या हातोडीवरही भिस्त ठेवता येत नाही. बिस्मथ धातू असून फुटतो. ग्रॅफाइट अधातू असून वीज वाहून नेतं.

सगळ्यात जास्त वेळ धातुसदृशांनी घेतला. तापवल्यावर तांब्याचा विजेला होणारा रोध वाढतो आणि सिलिकॉनसारख्या शुद्ध अर्धवाहकाचा कमी होतो, हा फरक मुलांना मल्टिमीटरवर दिसावा अशी आमची इच्छा होती. पण आमच्याकडचा सिलिकॉनचा तुकडा तापवला तर रोध वाढला! कित्येक दिवस मल्टिमीटरलाच दोष दिला. मग उलगडा झाला : त्या सिलिकॉनमध्ये मुद्दाम बोरॉन मिसळलेलं होतं. वीज वाहणारे कण आधीच तयार, उष्णतेने फक्त त्यांच्या वाटेत अडथळे वाढवले. शुद्ध जर्मेनियम आणलं आणि आकडा सरसर खाली आला. 1886 साली सापडलेलं हे मूलद्रव्य आता आमच्या पेटीतला सर्वांत महाग नमुना आहे, पण तो काढायची सूचना मी मान्य केलेली नाही.

धातुसदृशांची यादीही सगळीकडे एकसारखी नसते. बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनियम, आर्सेनिक, अँटिमनी आणि टेल्युरियम बहुतेक ठिकाणी असतात, पोलोनियमबद्दल मतभेद आहेत. लेबलवर आम्ही तसंच छापतो. बाईंकडे सुधारलेली पेटी स्वतः घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी आधी चौथा कप्पा उघडला आणि फरशी हातात घेतली.