देवळातला मामलेदार

रविवार. देवस्थानच्या महाजनांची (देवळाच्या पिढीजात सभासदांची) सभा झाली. म्हणजे भांडण झालं. जत्रेच्या हिशेबाला पावत्याच जोडलेल्या नव्हत्या. चवथीला आमच्या ओसरीवर बसून "सरकारने देवळात नाक खुपसू नये" म्हणणारे गृहस्थच सगळ्यांत आधी ओरडले, "चला मामलेदाराकडे!"

मला हसू आवरेना. गोव्याबाहेरच्या पाहुण्यांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. आमच्याकडे देवस्थानांचा प्रशासक मामलेदार. समितीची निवडणूक त्याच्या देखरेखीखाली, अंदाजपत्रकही त्याच्यापुढे जायचं. कायदा १९३३ सालचा, पोर्तुगीजांचा! ज्यांच्या धाकाने सोळाव्या शतकात मंगेश कुशस्थळीहून, म्हाळसा वेर्ण्याहून, शांतादुर्गा केळशीहून तेव्हाच्या आदिलशाहीतल्या अंत्रुज महालात (आजच्या फोंडा भागात) आली, त्यांच्याच राज्याने पुढे देवाच्या वह्या तपासायला माणूस बसवला. पोर्तुगालमध्ये १९१० साली राजेशाही गेली, १९११ मध्ये चर्च आणि सरकार कायद्याने वेगळे झाले, गोव्यातल्या हिंदूंनाही बरोबरीचे हक्क मिळाले. देवळाची वही मात्र सुटली नाही. १९६१ नंतर आपल्या सरकारनेही ती तशीच पुढे चालवली. शेजारच्या चर्चची फाब्रिका (मालमत्ता-हिशेब सांभाळणारी समिती) धर्मप्रांत बघतो, तिथे मामलेदार नाही. यावरून सभेत दोघांनी आवाज चढवलाच.

तरी मामलेदार नको असं मला म्हणवत नाही. दोन-चार दांडग्या घराण्यांकडे हिशेब मागायचा तर साध्या महाजनाने दुसऱ्या कुणाच्या दारात जावं? (माझा एक अर्ज तिथेच कुठल्यातरी फायलीत झोपलाय, ते असो.)

मला खुपते ती महाजनांची यादी. ती जन्मावर ठरते आणि सरकारदरबारी चालते. संविधानाची शपथ घेतलेलं सरकार कूळ बघून मतदार मानतं, हे कुणाला खटकत कसं नाही? पालखीचे भोई, दिवटीवाले, वाजंत्री यांच्यावाचून जत्रा होत नाही, पण त्यांना मत नाही. आमच्या यादीत बायकाही नाहीत. आत्या याच घरात जन्मली, देवीच्या वाती अजून तीच वळते.

हे सभेत काढलं तर "परंपरा आहे" म्हणाले. पावत्यांचा विषय निघाला तेव्हा परंपरा कुणालाच आठवली नव्हती. शेवटी सेक्रेटरी म्हणाला, लेखी द्या. रात्री मसुदा केला. आत्याचं नाव घालू का विचारलं. म्हणाली, "घाल. पण तुझ्या काकाला आधी सांगू नको."