गिअर केबलचा बुश तुटला, गिअरबॉक्स नाही

गिअरचा दांडा एकाएकी लुळा पडतो. पुढे ढकला, मागे ओढा, हाताला काहीच अडकत नाही, आणि ट्रक मात्र ज्या गिअरमध्ये होता त्यातच बसून राहतो. पहिला संशय गिअरबॉक्सवर जातो आणि तो उतरवायची भाषा सुरू होते. जरा थांबा. गिअरबॉक्स आतून मोडला तर तो बहुधा आवाज करतो, घासतो, तेलात चुरा सोडतो. दांड्याचा जोरच नाहीसा झाला असेल तर दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामधला दुवा सुटलेला असण्याची शक्यता जास्त. त्या दुव्यातला सगळ्यात कच्चा तुकडा म्हणजे केबलच्या टोकाच्या डोळ्यात, म्हणजे भोकाच्या कडीत, बसलेला अंगठ्याच्या नखाएवढा बुश.

हा बुश नायलॉनचा, अ‍ॅसिटल प्लास्टिकचा किंवा रबराचा असतो. एका बाजूने तो केबलच्या डोळ्यात घट्ट बसतो, दुसऱ्या बाजूने लिव्हरच्या (केबल जिला हलवते त्या गिअरबॉक्सवरच्या पट्टीच्या) पिनवर किंवा गोल डोक्याच्या बॉल पिनवर चढतो. डोळ्यात घट्ट आणि पिनवर मोकळा, पण हलणार नाही इतकाच मोकळा, असं त्याचं बसणं असावं लागतं. तो तडकला की डोळ्याचं भोक पिनेपेक्षा मोठं राहतं आणि केबल एक तर खुळखुळते, नाहीतर सरळ गळून पडते.

मॅन्युअल गिअरच्या केबलवाल्या ट्रकला दोन केबली असतात आणि कुठली गेली हे केबिनमध्ये बसूनच कळतं. सिलेक्ट केबल दांड्याची डावी-उजवी चाल नेते. तिचा बुश गेला की दांडा आडवा सैल हलतो, पण गिअरबॉक्समधली स्प्रिंग सिलेक्टरला मधल्या रांगेत आणून ठेवते, त्यामुळे बहुतेक गिअरबॉक्समध्ये तिसरा आणि चौथा एवढेच गिअर पडतात. शिफ्ट केबल पुढे-मागेची चाल नेते. तिचा बुश गेला तर ट्रक आहे त्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये अडकतो. ऑटोमॅटिकला केबल एकच. तिथे दांडा ‘पी’वर (पार्किंग) दिसतो आणि गिअरबॉक्स ‘आर’ (रिव्हर्स) किंवा ‘एन’मध्ये (न्यूट्रल) असू शकतो. कधी इंजिन स्टार्टच होत नाही, कारण स्टार्टरला परवानगी देणारा स्विच गिअरबॉक्सची खरी जागा बघतो, दांड्याची नाही. हा प्रकार जीवावर बेतणारा आहे. फोर्डने जून २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे २९ लाख कार आणि लहान व्हॅन याच बुशसाठी परत बोलावल्या होत्या. बुश खराब होऊन निसटू शकत होता, मग दांडा ‘पी’वर असला तरी गाडी घरंगळण्याचा धोका होता. उपाय म्हणून नवा बुश आणि त्यावर एक संरक्षक टोपी बसवली गेली.

म्हणून कामाला हात लावण्याआधी दांडा काय दाखवतोय ते विसरा आणि ट्रक न्यूट्रलमध्येच आहे असं धरून चाला. सपाट, टणक जमीन. हँडब्रेक ओढलेला. जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून लाकडी ठोकळे. चावी काढून खिशात. खाली शिरायचं असेल तर वजन स्टँडवर घ्या, जॅकवर नाही. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. एक्झॉस्टचा पाइप केबलच्या शेजारूनच जातो, तो गार झाल्याशिवाय हात घालू नका.

आता कुठलं टोक गेलंय ते शोधायचं. इंजिन बंद. एकाने केबिनमध्ये दांडा सावकाश हलवायचा, दुसऱ्याने आधी दांड्याखालच्या डब्यात आणि मग गिअरबॉक्सजवळ टॉर्च मारून बघायचं. केबलचं टोक हलतंय पण लिव्हर हलत नाही: बुश गेला. दांडा हलतोय पण केबलचं टोकच हलत नाही: तार आतून तुटली आहे, नाहीतर वरच्या टोकाचा बुश गेला आहे. केबलचं बाहेरचं आवरणच ब्रॅकेटमध्ये पुढे-मागे सरकतंय: आवरण धरून ठेवणारी यू-क्लिप निसटली आहे. या शेवटच्या प्रकारात पुष्कळ जण नवा बुश घालतात आणि दांडा लुळा तो लुळाच राहतो. लिव्हरचा नट सैल होऊन लिव्हर शाफ्टवर नुसती फिरतेय का, हेही हाताने हलवून बघा. केबल टोकाशी सुटीच असेल तर तिचा रॉड दोन बोटांनी पुढे-मागे करा. दांड्याबरोबर सरळ, न अडकता चालला तर केबल ठीक आहे. रेती घासल्यासारखं लागलं तर केबलही शेवटाला आली आहे. तिला नवा बुश घालून फार दिवस निघणार नाहीत.

डोळा पिनवरून काढताना लोकांचा सगळ्यात जास्त घोटाळा होतो. आधी स्प्लिट पिन किंवा क्लिप आणि वॉशर काढा. कुठला वॉशर कुठल्या बाजूला होता त्याचा फोटो घेऊन ठेवा. मग रुंद पात्याचा स्क्रू ड्रायव्हर किंवा ट्रिम काढायचा दुबोटी काटा डोळा आणि लिव्हर यांच्यामध्ये, पिनेच्या अगदी जवळ घालून सरळ उचला. केबलच्या रॉडखाली घालून उचकटलं तर रॉड वाकतो, आणि वाकलेला रॉड आवरणाच्या तोंडाशी घासत राहतो. तिरपं उचकटलं तर गिअरबॉक्सची लिव्हर वाकते आणि शाफ्टच्या ऑइल सीलवर ताण येतो. केबलवर अ‍ॅडजस्टरची चूडी असेल तर हात लावण्याआधी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. परत बसवताना ती रेघ तासभर वाचवते.

डोळ्यात अडकलेले जुन्या बुशचे तुकडे टोकदार हुकाने काढा. तुकडा घट्ट बसला असेल तर त्यावर दोन ठिकाणी पात्याने चर पाडा, पण डोळ्याच्या धातूला ओरखडा उठू देऊ नका. केबलच्या टोकाला रबरी टोपी असेल तर ब्रेक क्लीनर तिच्यापासून लांब ठेवा, कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं तरी पुरतं. पिनेवर गंज असेल तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर गोल फिरवून तो घालवा. पिनेवरून नख फिरवा. नख अडलं, म्हणजे पिनेला खाच पडली आहे. अशी पिन नवा बुश आतून खात राहणार, तेव्हा पिन किंवा लिव्हरही बदलावी लागते.

मापं व्हर्नियरने घ्या, डोळ्यांनी नाही. तीन मापं लागतात: पिनेचा किंवा बॉलचा व्यास, डोळ्याच्या भोकाचा आतला व्यास आणि डोळ्याची जाडी. पिनेचा व्यास दोन आडव्या-उभ्या दिशांनी घ्या, एकीकडे ९.७ आणि दुसरीकडे १० मिलिमीटर आला तर पिन एका बाजूने झिजली आहे. जाडीकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. बुशच्या दोन कडांमध्ये डोळा अडकतो, आणि जाडी जुळली नाही तर बुश एक तर बसतच नाही, नाहीतर डोळ्यात पुढे-मागे सरकतो.

गाडीच्या मॉडेलचा तयार बुश मिळाला तर तोच घ्या. नायलॉन किंवा अ‍ॅसिटलच्या दांड्यातून लेथवर बुश कातून घेता येतो आणि तो चांगला चालतो. पितळी बुश टिकतो खरा, पण गिअरबॉक्सची सगळी थरथर दांड्यात आणून सोडतो आणि पिनेला खातो. थ्रीडी प्रिंटरवर काढलेला पीएलएचा बुश मात्र नकोच: ते प्लास्टिक ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं, आणि एक्झॉस्टच्या शेजारी त्याहून जास्त तापतं.

बसवणं हे सोपं काम आहे. नायलॉनचा बुश उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटं ठेवा, तो थोडा लवचीक होतो. रबरी बुशला नुसतं साबणाचं पाणी पुरतं. बुशची निमुळती बाजू डोळ्याकडे. डोळ्याच्या मागे बुशच्या कडेपेक्षा मोठा सॉकेट, बुशच्या वर सपाट वॉशर, आणि सी-क्लॅम्पने हळूहळू दाबा. क्लॅम्पला जागा नसेल आणि बुश आरपार भोकाचा असेल तर त्यातून ८ मिलिमीटरचा बोल्ट घाला आणि नट आवळत बुश आत ओढून घ्या. हातोडा वापरू नका, नायलॉनला तिथेच केसाएवढी चीर जाते आणि महिन्याभरात बुश परत तुटतो. कड पूर्ण बाहेर आली की नाही, ते सगळीकडून फिरवून बघा. एका बाजूने अर्धवट बसलेला बुश हाताला घट्टच लागतो, पण पहिल्या जोरकस रिव्हर्सला निसटतो.

पिनेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. साधं खनिज तेलाचं ग्रीस बऱ्याच जातींच्या रबराला फुगवतं, मऊ करतं. फार ग्रीसही नको, त्यावर धूळ बसून त्याचा घासणारा लगदा होतो. मग डोळा पिनेवर सरळ धरून जाड पक्कडीने दाबा. बॉल पिनवर तो कट् करून बसतो आणि तो धक्का हाताला जाणवतो. बसल्यावर डोळा पिनेभोवती सहज फिरायला हवा, पण ओढून निघता कामा नये. क्लिप किंवा स्प्लिट पिन नवी घाला. तिच्या जागी बांधलेली तार कधी तुटेल ते सांगता येत नाही.

अ‍ॅडजस्टमेंटला हात लावला नसेल तर ती तशीच राहायला हवी. पण जुना बुश झिजत असताना कोणी तो प्ले, म्हणजे ढिलाई, भरून काढायला केबल ताणली असेल, तर नव्या बुशबरोबर तीच केबल चुकीची ठरते. मॅन्युअल गिअरच्या ट्रकमध्ये दांड्याच्या डब्यावर बहुधा एक भोक असतं. दांडा न्यूट्रलमध्ये आणून त्यात ड्रिलचा बिट घातला की दांडा तिथे अडतो. गिअरबॉक्स न्यूट्रलला ठेवा, अ‍ॅडजस्टरचं लॉक उघडा, केबलला स्वतःहून आपली जागा घेऊ द्या आणि लॉक बंद करा. ऑटोमॅटिकमध्ये दांडा ‘पी’वर आणि गिअरबॉक्सची लिव्हर ‘पी’च्या शेवटच्या खटक्यापर्यंत नेऊन हेच करायचं. लॉक बंद करायचं राहिलं तर पहिल्या दोन-चार वेळा गिअर नीट पडतात, आणि म्हणूनच ही चूक लक्षात येत नाही.

हा नेमकेपणा कशासाठी, ते एका हिशेबात दिसतं. समजा दांड्याची मूठ पाच सेंटिमीटर हलली की केबलचं टोक साधारण एक सेंटिमीटर हलतं. बुशमध्ये दोन मिलिमीटरचा प्ले असेल तर चालीचा पाचवा हिस्सा वाटेतच संपला. गिअर अर्धवट पडतो, सिंक्रोनायझर (गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारा भाग) घासतो, उतारावर ट्रक गिअरमधून बाहेर उडी मारतो. गिअरबॉक्सवर ढकललेली कितीतरी दुखणी इथूनच सुरू होतात.

तपासणी इंजिन बंद ठेवूनच सुरू करा. प्रत्येक गिअर टाकताना दुसऱ्याने खालून लिव्हर खटक्यात पूर्ण बसते का ते बघायचं. ऑटोमॅटिकमध्ये मागची चाकं स्टँडवर असताना हँडब्रेक सोडा, ‘पी’ टाका आणि एक चाक फिरवून बघा. साध्या डिफरन्शियलला (दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाला) दुसरं चाक उलट दिशेने फिरेल, आणि ‘पी’ लागतच नाही असं वाटून तुम्ही घाबराल. चाकाकडे नाही, गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टकडे बघा. तो फिरता कामा नये. चारही चाकं ओढणाऱ्या ट्रकचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) न्यूट्रलला असेल तर ‘पी’ चाकांपर्यंत पोचतच नाही, तेही आधी पाहून घ्या. नंतर ट्रक खाली उतरवून, पाय ब्रेकवर ठेवून इंजिन फक्त ‘पी’ आणि ‘एन’मध्येच स्टार्ट होतं का आणि ‘आर’ला मागचे पांढरे दिवे लागतात का, हे बघा.

रस्त्यात बुश तुटला तर तात्पुरतं काय करता येतं? पिनेला आडवं भोक असेल तर मोठा वॉशर आणि स्प्लिट पिन, नाहीतर डोळा आणि लिव्हर घट्ट आवळणारे दोन-तीन केबल टाय. एवढ्यावर सावकाश घर गाठता येतं. मॅन्युअलमध्ये दुसऱ्या गिअरला अडकलात तर क्लच दाबून स्टार्ट करून रांगत जाता येईल, पण नुसता तिसरा-चौथा उरला असेल तर भरलेला ट्रक तिसऱ्यावर उचलण्यात क्लच जळतो. ऑटोमॅटिकमध्ये खाली झोपून हाताने लिव्हर हलवायचा मोह टाळा. इंजिन ‘डी’मध्ये (ड्राइव्ह) स्टार्ट होत नाही, म्हणजे ते चालू ठेवून खालून ‘डी’ टाकावा लागणार, आणि त्या क्षणी ट्रक तुमच्या अंगावरून निघतो. तिथे टोइंगच बोलवायचं.

बुश का तुटला तेही याच वेळी बघून ठेवा. सिलेक्टर शाफ्टच्या सीलमधून तेल झिरपत असेल तर रबरी बुश त्यात भिजून फुगतो. एक्झॉस्टवरचा उष्णता अडवणारा पत्रा गळून पडला असेल तर बुश भाजतो. गिअरबॉक्सचं माउंटिंग खचलं असेल तर प्रत्येक झटक्याला सगळा गिअरबॉक्स डुलतो आणि ती ओढ बुशवर येते. एक कारण चालवण्यातही असतं. उतारावर नुसत्या ‘पी’वर ट्रक सोडला की त्याचं वजन पार्किंगच्या खटक्यावर येतं, आणि तो खटका सोडवायला दांडा जोरात ओढावा लागतो. ब्रेक दाबून ‘एन’, मग हँडब्रेक, मग ब्रेक सोडून ट्रक हँडब्रेकवर टेकू द्यायचा, आणि शेवटी ‘पी’. याने बुशवरची ती ओढ जाते.

नव्या बुशच्या कडेवर आणि डोळ्यावर मिळून रंगाचा एक ठिपका द्या. पाचशे किलोमीटरनंतर खाली टॉर्च मारून बघा. ठिपक्याचे दोन्ही भाग समोरासमोर असतील तर बुश डोळ्यात फिरलेला नाही. सरकले असतील तर डोळ्याचं भोकच झिजून मोठं झालंय, आणि आता बुश नाही, केबल बदलायची.